फोनला घराचे वळण लावा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनापासून या गावाने एक रीत सुरू केली. संध्याकाळी सात वाजले की देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही बंद व्हायचे, मोबाईल बाजूला ठेवले जायचे. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की ज्याला जे बघायचे ते त्याने बघावे. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, नाहीतर एकमेकांशी चार शब्द बोलावेत. कोरोनाच्या दिवसांत शाळा फोनवर आली होती. शाळा परत वर्गात गेली तरी फोन पोरांच्या हातातून सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली. पुरुष मंडळी आधी हसली. मग गावातल्या बायकांची सभा झाली. आपणही मालिकांच्या नादी लागलो आहोत हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आणि गाडे रुळावर आले.

वाचकहो, मला या रीतीतले आवडले ते हे, की गावाने फोनला नुसत्या शिव्या दिल्या नाहीत. फोन मोडा म्हटले नाही, टीव्ही विका म्हटले नाही. त्याला वेळ बांधून दिली. नवा खोंड घरी आणला की आपण त्याला मोकाट सोडत नाही आणि मारकुटा आहे म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारही दाखवत नाही. दावणीला बांधतो, हळूहळू मानेवर जू ठेवतो, वळण लावतो. फोनचे तसेच आहे. पण दीड तास तो बंद ठेवला, तरी उरलेले साडेबावीस तास तो कुणाच्या हाताने चालतो? घरच्या माणसांच्या, की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या? तेवढ्यासाठी आज हे लिहीत आहे.

कुणी म्हणेल, "ही शिकलेल्यांची कामं. आपल्याला कुठं जमायची?" त्यांना वारणेकाठची गोष्ट सांगतो. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्थांना धरून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणकाचा प्रयोग झाला. 'वायर्ड व्हिलेज' असे त्याचे नाव. उसाची नोंद, तोड, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला कारखान्याच्या फाटकापर्यंत न जाता आपल्या गावात मिळावी, हा हेतू. त्या काळी मोठ्या शहरांतसुद्धा घरी संगणक असणारे थोडे होते. पुढे काही वर्षांनी संशोधकांनी त्यातल्या सात गावांत आठ महिने दुसरा प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवून तीच माहिती साध्या मोबाईलवर संदेशाने देऊन पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की मोबाईल स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांना जास्त आवडला. कारण उघड आहे. संगणक दुसऱ्याच्या हाती होता, मोबाईल आपल्या खिशात होता. जे अवजार आपल्याला स्वतः चालवता येते तेच खरे आपले. बाकीची भाड्याची.

आता आपल्या घरातला फोन बघा. तो खरोखर आपला आहे का? एक प्रश्न विचारतो, त्यावरून कळेल. फोन घेतला तेव्हा त्यात ई-मेलचे खाते कुणी उघडले? बहुतेक घरांत उत्तर येते, "दुकानातल्या पोरानं." त्याने पत्ता काय घातला, परवलीचा शब्द काय ठेवला, ते त्याचे त्यालाही आठवत नाही. फोन चालू आहे तोवर काही बिघडत नाही. एक दिवस तो पाटाच्या पाण्यात पडतो. नवा फोन येतो, पण जुन्या खात्याची किल्ली कुणाकडेच नसते. आमच्या आळीतल्या एका आजींचे असेच झाले. पुण्याच्या नातवाचे बारशापासूनचे फोटो त्या खात्यात होते. फोटो कुठे गेलेले नव्हते, कुलपात होते; किल्ली मात्र हरवली होती. आजी म्हणाल्या, "माझ्याच घराला परक्याचं कुलूप!" याहून नेमके मला सांगता येणार नाही.

तेव्हा पहिले काम हे करा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपला ई-मेलचा पत्ता कोणता ते बघा. परवलीचा शब्द स्वतः बदला. तो जन्मतारीख, फोन नंबर किंवा मुलाचे नाव नसावा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले, तर तुम्हाला लक्षात राहतात आणि चोराला सुचत नाहीत. खात्याला घरातला दुसरा एक नंबर जोडून ठेवा, म्हणजे किल्ली हरवली तर त्या नंबरवरून ती परत मिळवता येते. आणि पत्ता व शब्द एका वहीत लिहून वही पेटीत ठेवा, जिथे खरेदीखत आणि पासबुके असतात तिथे. काही जाणकार म्हणतील, कागदावर लिहू नये. पण परदेशात बसलेला चोर तुमची पेटी उघडायला येत नाही. तो ढिला शब्द शोधत असतो. फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवू नका म्हणजे झाले. गुगलचे खाते असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. दोन वर्षे जे खाते कुणी उघडलेच नाही ते कंपनी काढून टाकू शकते. म्हणून मुलीच्या प्रवेशासाठी काढलेला आणि नंतर विसरलेला पत्ता मधूनमधून उघडत चला.

दुसरे काम पत्ता वाचायला शिकण्याचे. आपण पत्रावर पत्ता कसा लिहितो? मुक्काम पोस्ट वडगाव, तालुका अमुक, जिल्हा तमुक. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. कोणते वडगाव ते तालुक्या-जिल्ह्यावरून ठरते, म्हणजे पत्त्याच्या शेवटावरून. इंटरनेटवरच्या पत्त्याचेही तसेच. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. पुढे जी पहिली तिरपी रेघ येईल तिच्या अलीकडचे शेवटचे शब्द वाचा. तो त्या पत्त्याचा जिल्हा. सरकारी ठिकाण असेल तर तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' असे असते. ही अखेर सरकारी खात्यांनाच मिळते. सातबारा बघायचे महाभूमीचे संकेतस्थळ, पीएम किसानचे संकेतस्थळ, दोन्हींचा शेवट हाच. सातबारा नुसता बघायला पैसे लागत नाहीत आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये शुल्कात घरबसल्या निघतो. त्यासाठी कुणी शंभर-दोनशे मागू लागला तर हे त्याला सांगा.

बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने २०२५ साली असाच वेगळा शेवट ठरवून दिला, 'डॉट बँक डॉट इन'. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे त्यावर न्यावीत असे सांगितले होते. लबाड माणूस काय करतो? 'पीएमकिसान' आणि 'जीओव्ही' हे शब्द पत्त्याच्या आधीच घालतो आणि शेवट भलताच ठेवतो. घाईत वाचणाऱ्याला गाव दिसते, जिल्हा दिसत नाही. काहीजण कुलपाची खूण दिसली की निर्धास्त होतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचे बोलणे वाटेत तिसरा ऐकत नाही. समोरचा भला आहे, असा त्याचा अर्थ नाही.

संदेश आला तर तो कुणाकडून आला तेही वाचता येते. २०२५ पासून कंपन्या, बँका आणि सरकारी खात्यांच्या एसएमएसला पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. 'जी' म्हणजे सरकारी, 'टी' म्हणजे व्यवहाराचा, 'एस' म्हणजे सेवेचा, 'पी' म्हणजे जाहिरातीचा. सरकारी योजनेचा म्हणून आलेला संदेश साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल, तर तिथेच थांबा. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे चोरांनीही आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. पासबुकावर छापलेला आहे, तोच लावा.

आमच्या भागातल्या एका बागायतदाराची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण माणूस सज्जन आहे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर मेव्हण्याच्या नंबरवरून एक फाइल आली. नाव पीएम किसानचे. हप्ता अडकला आहे, ही फाइल उघडून माहिती भरा, असा मजकूर. मेव्हण्याचाच नंबर, म्हणून त्यांनी उघडली. फोनने विचारले, अनोळखी ठिकाणचे ॲप घेऊ का? त्यांनी होय म्हटले. ती फाइल म्हणजे 'एपीके', प्ले स्टोअरच्या वेशीवरून न येता मागच्या कुंपणातून आत येणारे ॲप. ते फोनमधले संदेश वाचू लागले, बँकेचा ओटीपी परस्पर चोराला मिळू लागला आणि रात्रीतून तीन वेळा मिळून साठ हजारांच्या वर रक्कम गेली. मेव्हण्याने काही पाठवलेच नव्हते. त्याच्या फोनमध्ये तोच किडा आधी शिरला होता आणि तिथून ओळखीच्या सगळ्यांकडे पसरत होता.

पैसे गेले हे एक. पण खरे नुकसान पुढे झाले. सकाळी खाते बघितल्यावर या गृहस्थांनी चार दिवस कुणाला काही सांगितले नाही. लाज वाटली. लेकीची कॉलेजची फी त्यातूनच भरायची होती, तिला काय तोंड दाखवू, असे झाले. पाचव्या दिवशी घरी कळले. लेक म्हणाली, "आबा, १९३० ला लगेच फोन करायचा होता." तिला नंबर ठाऊक होता, पण फोन कुणाचा आणि कशासाठी वाजला हे तिला ठाऊक नव्हते. तोवर रक्कम या खात्यातून त्या खात्यात जाऊन नाहीशी झाली होती. बायको एवढेच म्हणाली, "पैसं गेलं त्याचं काय न्हाई. चार दिस धड जेवला न्हाईत, तवाच मला सांगायचं हुतं."

वाचकहो, चोराचे खरे हत्यार हीच आपली लाज असते. १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा देशभराचा नंबर आहे. तिथे वेळेवर कळवले तर रक्कम जिथे पोचली असेल त्या खात्यात ती अडवता येते. एकदा ती रोख काढली गेली की हाती लागणे कठीण. म्हणून इथे मोल आहे ते तासाचे, दिवसाचे नाही. आधी फोनचे इंटरनेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा, मग बँकेत कळवून खाते थांबवा आणि त्यानंतर ठाणे गाठा. आणि घरातल्या बाकीच्यांनी एक पथ्य पाळा. फसलेल्या माणसाला त्या दिवशी बोलू नका. 'अक्कल कुठे गेली होती' हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात पुढच्या वेळी कुणी काही सांगत नाही.

सातारा-सांगलीच्या लोकांसाठी आणखी एक सावधगिरी. आपला मुलूख फौजींचा. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आपल्याच साताऱ्यात आहे, जिथे सैन्याशी नाते नसलेले घर सापडणे कठीण. त्यामुळे वर्दीवर आपला पटकन विश्वास बसतो आणि चोराला हे ठाऊक असते. म्हैस विकायची म्हणून फोटो टाकला, की एक फोन येतो. "मैं फौजी हूँ, पैसे भेजता हूँ." पाठोपाठ एक चौकोनी कोड येतो आणि 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' म्हणतो. हे पाठच करून ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. तसेच फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक होत नाही. 'डिजिटल अरेस्ट' असे आपल्या कायद्यात काही नाही. वर्दी घालून पडद्यावर कुणी दरडावू लागला तर फोन खाली ठेवा आणि घरातल्या माणसाला हाक मारा.

पैशापेक्षा मोठे नुकसानही एका बोटाने होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्या माणसांचे जमावाने प्राण घेतले. असल्या अफवा तेव्हा फोनवरून पसरत होत्या. आपल्याकडे पुराच्या दिवसांत हेच भय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची. अशा रात्री कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरला, तर म्हातारी माणसे आणि जनावरे घेऊन लोक भलत्या वाटेला लागतात. संदेशावर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून आला आहे असे समजा आणि आपल्यापाशी थांबवा. खरे विचारायला जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर आहे. वळवाच्या विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते इशारा देते. रानात जाणाऱ्याच्या फोनमध्ये ते असावे.

आता करमणुकीचे. घरोघरी टीव्हीला फोन जोडून सिनेमे, कुस्त्या, कीर्तने बघितली जातात. त्यात वाईट काही नाही. लोणंद-फलटणची वाट पायी चालणे ज्यांना आता होत नाही, अशा आजींना चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण घरी खाटेवर बसून थेट बघता येते, त्यांचे डोळे भरून येतात, ही मला या यंत्राची मोठी पुण्याई वाटते. पण हिशेब ठेवा. अगदी स्वच्छ चित्र, ज्याला एचडी म्हणतात, ते तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकते. साधे चित्र १ जीबीच्या आसपास किंवा त्याहून कमी. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ४८० हा आकडा निवडा. घरच्या टीव्हीवर फारसा फरक जाणवत नाही आणि पोरीच्या अभ्यासापुरता डेटा उरतो. नुसते ऐकायचे असेल तर आकाशवाणीची बरीच केंद्रे 'न्यूजऑनएअर' ॲपवर लागतात. आवाजाला डेटा अगदी थोडा लागतो आणि हात गोठ्यात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात.

एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, त्याला ऑटोप्ले म्हणतात. तो बंद करता येतो, करून टाका. ताटात न मागता वाढत राहणारा वाढपी आणि हा, दोघे सारखेच. पोट भरल्याचे कळूच देत नाहीत. आणि 'पहिला महिना एका रुपयात' असे लिहिलेले दिसले तर सावध व्हा. पुढच्या महिन्यापासून पूर्ण पैसे आपोआप कापायची परवानगी त्यात आपण देऊन बसतो. असे पैसे कापण्याआधी एक दिवस तसा संदेश येतो, पण तो वाचतो कोण? पैसे पाठवायच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाची यादी असते. ती उघडून बघा. नको ते तिथल्या तिथे रद्द होते.

हे सगळे एकट्याने करू नका, हे माझे मुख्य सांगणे. वडगावच्या पुरुषांना हसू आले आणि बायकांच्या सभेने काम मार्गी लावले, यात शिकण्यासारखे आहे. घरातल्या वहिनी, सासूबाई, शाळेतली पोर, सगळ्यांना बसवा. जनावराला काय झाले तर कुणाला बोलवायचे, हे घरात सर्वांना ठाऊक असते. मोटारीचे बटन कुठले, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मग ज्यात घराचा सगळा पैसा येतो-जातो त्या फोनचेच ज्ञान एकाच माणसाकडे का असावे? पोरांनीही आजोबांना शिकवताना हातातून फोन ओढून 'द्या इकडे, मी करतो' म्हणू नये. आजोबांचे बोट आजोबांनाच फिरवू द्यावे. वेळ लागेल. पेरल्याबरोबर कुठे उगवते?

या आठवड्यात तीनच कामे करा. ई-मेलचा पत्ता आणि परवलीचा शब्द वहीत उतरवून वही पेटीत ठेवा. ऑटोपेची यादी उघडून नको ते रद्द करा. आणि स्वयंपाकघराच्या दाराला, कालनिर्णयाशेजारी, ठळक आकड्यांत १९३० लिहून ठेवा. त्याखाली लिहा, 'आधी घरात सांगा.'